अळवावरचं पाणी

सूर या गावात, समुद्राला लागून,
खारं पाणी गोडं करण्याचा कारखाना आहे.
गावाचं नाव फोनवर सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली,
गाण्याचं काम मिळालं का भावोजी?
नाही. थेंब मोजायचं.

चार मायक्रोलिटर, समुद्राचं पाणी.
सुईच्या टोकाशी लोंबतं, मग सुटतं.
साधी काच थेंबाला ओढून घेते.
तो पसरतो, पाय रोवतो,
कडा जिथे टेकली तिथेच हट्टाने धरून बसतो
आणि मधून खचत जातो
हवा गेलेल्या पुरीसारखा.
मागे पांढरं कडं राहतं,
चहाच्या कपाखाली राहतं तसं, फक्त मिठाचं.

लेप दिलेल्या काचेवर मात्र
तो पसरतच नाही. गोळा होऊन बसतो,
जेमतेम टेकलेला,
लग्नघरात कुणी ओळखीचं नसलेला पाहुणा
खुर्चीच्या कडेवर बसतो तसा.
कॅमेऱ्यात त्याच्या पोटाखाली उजेडाची फट दिसते.
तो आक्रसतो, पण आकार सोडत नाही.
कडाही त्याच्याबरोबर आत आत सरकते,
खूण न ठेवता.

शम्सा अल अलवी, माझी साहेब, माझ्या मुलीच्या वयाची.
बाहेर बेचाळीस अंश, आत ती
अबायावर स्वेटर चढवून वही पुढे करते.
"तुमच्या भाषेत याला काही म्हणतात का?"
म्हणतात. अळवावरचं पाणी.
पण अळू कसा समजवायचा?
मी तळवा उघडून पान केलं,
मनगट देठ, रेषा शिरा.
म्हटलं, आमच्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतो,
तरी पान कोरडं ते कोरडंच.
ज्याचा भरवसा नाही त्याला हे नाव देतो आम्ही:
पैसा, तारुण्य, नोकरी...
"व्हिसा," ती म्हणाली, आणि हसली नाही.

मग आम्ही मोजलं.
साध्या काचेवर सतरा मिनिटं.
लेपावर अठ्ठावीस.
पुन्हा मोजलं. पाच थेंब, तोच दमटपणा, तेच घड्याळ.
जो चिकटला नाही तोच जास्त टिकला.
टेकायला जागा थोडी, शम्सा सांगत होती,
खालच्या चिंचोळ्या फटीत त्याचीच वाफ अडकून राहते,
शिवाय उडताना तो स्वतःच गार होतो,
काचेची ऊब त्याच्यापर्यंत धड पोचत नाही.
मी पेन्सिल खाली ठेवली.
म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण उलटं सांगत आलो?
की पान हललं, थेंब ओघळला, तेवढंच पाहिलं?
बसल्या जागी वाळलेला कुणी पाहिलाच नसणार.
इतका वेळ कोण थांबतंय अळवापाशी,
वड्या करायच्या असताना.

एकोणीस वर्षं झाली मला इथे. दर दोन वर्षांनी शिक्का.
खोलीच्या भिंतीला अजून खिळा ठोकला नाही,
कॅलेंडर कपाटाला टेकवून ठेवतो.
यातून काही काढायचं नाही.
थेंब थेंब आहे, मी मी.

एक गोष्ट मात्र वहीत लिहावीच लागते.
सव्विसाव्या मिनिटाला, मोहरीएवढा उरल्यावर,
लेपावरच्या थेंबाचा तोल जातो.
इतका वेळ ज्या खडबडीच्या टोकांवर तो नुसता तरंगत होता
तिच्यात एकदम शिरतो,
आणि कडा सरकायची थांबते.
शेवटची दोन मिनिटं
तोही पाय रोवतो.
त्या रकान्याला शम्साने अरबीत नाव दिलं आहे.
मला लिपी वाचता येत नाही, म्हणून तिने म्हणून दाखवलं:
मुक्काम.
अर्थ विचारावा लागला नाही.

कडं नाही उरत. मिठाचा एकच दाणा,
उजेडात धरला तर दिसेल न दिसेल असा.
फुंकरीने उडेल म्हणून
मी तोंड फिरवून श्वास घेतो
आणि पुढची काच लावतो.